कमीत कमी दोन वर्षं

गुरुवारी सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं. फळ्यावर तारीख चुकीची लिहिली, हजेरीत एका मुलीचं नाव दोनदा घेतलं, आणि स्टाफरूममध्ये चहाचा कप समोर असताना तो कुठे ठेवला म्हणून शोधत बसले. दुपारी तीनच्या आत मनीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीला उत्तर द्यायचं होतं. जिझानला जातो की नाही, एवढंच. एवढंच म्हणे!

आम्ही सौदीत दम्मामला राहतो. जिझान पार दुसऱ्या टोकाला, विमानाशिवाय जाणं नाही. मनीष पाइपलाइनचा इंजिनिअर. त्याचं इथलं काम संपत आलं होतं आणि तिकडे रिफायनरीजवळ नवं सुरू होणार होतं. त्याचा मॅनेजर विजयकुमार म्हणाला, ॲट लीस्ट दोन वर्षं. साइटवर बायकामुलांना जागा नाही, नुसता पुरुषांचा कॅम्प. म्हणजे तो तिकडे, आणि मी आणि आमची अकरा वर्षांची नूपुर इकडे. नाही म्हटलं तर दोन महिन्यांत इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, आणि तिघांनी चंबूगबाळं आवरून नाशिकला परत.

आता हे 'ॲट लीस्ट' म्हणजे माझाच विषय. मी इंडियन स्कूलमध्ये सहावीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. इथे घरोघरी सगळे 'मिनिमम' म्हणतात. मनीष तर या देशात आल्यापासून मिनिममशिवाय बोलतच नाही. मिनिमम वीस मिनिटं लागतील, मिनिमम चार पोळ्या कर. मुलीही तेच उचलतात. 'मी मिनिमम दोन लिटर पाणी पिते' असं वहीत दिसलं की माझं डोकं फिरतं. बायांनो, ॲट लीस्ट म्हणा, जीभ झिजते का तुमची, असं मी दरवर्षी ओरडते. पण विजयकुमारनं ते बरोबर म्हटलं आणि मला त्या शब्दाचीच धास्ती बसली. कमीत कमी दोन, ठीक आहे. जास्तीत जास्त किती, ते कोण सांगणार?

आठवडाभर आमचं स्वयंपाकघरात हेच चाललं होतं. दार लावायची गरजच नव्हती, कारण आम्ही मराठीत भांडत होतो. नूपुर जन्मली इथेच. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर, फारच लाडात आली तर हिंदीत. आजीचा फोन आला की "हो आजी, बरी आहे" एवढंच म्हणते आणि फोन माझ्या हातात कोंबते. त्यामुळे मराठी ही आमची कुलुपाची पेटी झाली होती. बिल्डिंगमधल्या इतर आईबापांना कुजबुजावं लागतं, आम्हाला नाही, याचा मला जरा तोराच होता. ती समोर वरणभात कालवत असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून खुशाल बोलायचो. "निदान तिला तरी एवढ्यात कळू देऊ नकोस, परीक्षा होऊ दे," हेही मी तिच्या ताटात तूप वाढता वाढता म्हटलं होतं.

गुरुवारी सकाळी बूट घालताना मनीषनं विचारलं, सुनीता, काय लिहू सांग. मी म्हटलं, तुझं तू बघ. तो गेल्यावर मला स्वतःचाच राग आला, पण फोन काही केला नाही.

तर मोकळ्या तासाला मी वह्या तपासायला घेतल्या. माझ्या वर्गाच्या नव्हत्या. माझी मैत्रीण अफशाँ रजेवर गेली होती आणि तिच्या वर्गाच्या वह्या माझ्या गळ्यात पडल्या होत्या. नूपुर त्याच वर्गात. गृहपाठ असा, की 'ॲट लीस्ट' वापरून आपल्या घराबद्दल पाच वाक्यं लिहा. कुणाचा भाऊ कमीत कमी सहा तास गेम खेळत होता, कुणाच्या घरी कमीत कमी तीन मांजरी होत्या. सहर नावाच्या मुलीनं तर आईवडिलांची भांडणंसुद्धा मोजली होती. मी खुणा करत सुटले होते, नजर सारखी घड्याळाकडे. मग नूपुरची वही आली.

पहिलं वाक्य, माझी आई कमीत कमी चार वेळा चहा पिते. बरोबर. दुसरं, ती कमीत कमी दहा वेळा 'लवकर आवर' म्हणते. मला हसू आलं. तिसरं, माझे बाबा जिझानला कमीत कमी दोन वर्षं राहतील. चौथं, मला कळलंय हे मी परीक्षेपर्यंत, म्हणजे कमीत कमी नऊ दिवस, लपवायला हवं. पाचवं, त्यांनी मला कमीत कमी एक दिवस आधी सांगावं.

पाचही वाक्यं अचूक होती. माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. लाजेनं माझे कान तापले. पोरगी आठवडाभर समोर बसून घास गिळत होती, आणि आम्ही तिच्यासमोर तिचंच घर वाटून घेत होतो. भाषा येत नाही म्हणून! अगं बावळट बाई, जी मराठीत विचारलेल्याला उत्तर देते, मग कुठल्याही भाषेत देवो, तिला मराठी कळतं की नाही?

मी व्हरांड्यात जाऊन मनीषला फोन लावला. म्हटलं, काही लिहू नकोस, आधी घरी ये. तो म्हणाला, तीनपर्यंतच वेळ आहे, विजयकुमार दोनदा विचारून गेला.

"तिला सगळं माहितीये, मनीष," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग निघतो म्हणाला.

अडीचला तो आला. मी जेवणाची ताटं मांडली, पण माझं बूड काही टेकेना. पाणी आणायला उठ, लोणचं आणायला उठ, एसी कमी कर, परत वाढव. मनीषनं लॅपटॉप ताटाशेजारीच उघडून ठेवला होता. मी वही नूपुरपुढे ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबाकडे, आणि मान खाली घातली. मनीष तिला इंग्रजीत समजावू लागला, अडखळत. काम, शाळा, सुट्ट्या, दर दोन महिन्यांनी मिनिमम एक चक्कर. ती ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं विचारलं. मराठीत.

"बाबा, तुला जायचंय का?"

उच्चार थोडे बोबडे होते. पण आठवडाभर मी हे एकदाही विचारलं नव्हतं. शाळा बोलले, भाडं बोलले, लोक काय म्हणतील तेही बोलले. हा माणूस काय म्हणतो, ते राहूनच गेलं. मनीषचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही गं."

तीनला दहा कमी असताना त्यानं तेच दोन ओळींत लिहिलं आणि पाठवून दिलं. खलास. इथली बारा वर्षं दोन ओळींत मिटली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलंच नाही. दोन महिने म्हणजे किती दिवस, नूपुरच्या दाखल्याला कोणाला भेटायचं, फ्रीज कोण घेईल, सगळं एकदम डोक्यात नाचायला लागलं. मी ताट तसंच सोडून उठले आणि स्टूल ओढून कपाटावरच्या बॅगा खाली काढायला लागले. मनीष हाका मारत होता, मी ऐकत नव्हते.

मग माझ्या ओढणीला हिसका बसला. नूपुर खाली उभी होती. एरवी ती मला ममा म्हणते.

"आई," ती म्हणाली, "निदान जेवून तरी घे."