पाकिटाच्या तुकड्यासह

रामनगरात सुप्याहून उठून आलेली बरीच घरं आहेत. झिलूचं घर त्यातलंच. धरणाचं पाणी चढण्याआधी तो सुप्याच्या टपाल कचेरीत कामाला होता. पत्रांवर शिक्के मारायचा. १९९१ साली त्याची मुलगी देवकी माझ्या वर्गात सातवीत होती. गाव सुटलं तेव्हा ती इतकी लहान, की तिला सुप्याचं काहीच आठवत नव्हतं.

एका दुपारी ती पळतच माझ्या अंगणात आली. हातात जुनी टपालतिकिटं विकणाऱ्या बेळगावच्या एका दुकानदाराची सायक्लोस्टाइल केलेली यादी.

"मास्तर, ह्यात सुप्याचा शिक्का हाय! शहात्तर सालचा. आप्पा तवा तितंच हुतं. त्यांच्या हातचा आसला तर? पन फुडं ही अक्षरं कसली?"

एकाच तिकिटाच्या तीन ओळी होत्या. पहिलीपुढे 'एम', दुसरीपुढे 'यू', तिसरीपुढे 'ओपी', आणि तिची किंमत 'यू'पेक्षा जास्त.

"एम म्हणजे कोरं," मी म्हणालो. "पत्रावर कधी न लागलेलं. त्यावर शिक्का असेल?"

"कसा आसंल! पत्रच न्हाई तर."

"यू म्हणजे वापरलेलं. आणि ओपी म्हणजे वापरलेलंच, पण खालच्या पाकिटाचा तुकडाही न काढता ठेवलेला."

देवकी हसली. "कागदाचं ज्यादा पैसे? आन घरी नेऊन मी त्यो वाटीत भिजवून काडनार. येडी हाय व्हय मी? यू मागवते."

चूक तिची नव्हती. आमच्याकडच्या पावसात तिकिटाला कागद राहिला की बुरशी धरते, म्हणून तिकीट पाण्यात सोडवून, वाळवून मगच वहीत लावायचं, हे तिकिटं जमवणाऱ्या मुलांना मीच शिकवलं होतं. नुसतं 'ओपी घे' म्हटलं असतं तर तिनं घेतलंही असतं. पण मी घरातून जोयड्याहून आलेलं एक पाकीट आणलं, कोपरा कापला आणि वाटीभर पाणी तिच्यापुढे ठेवलं.

"सोडव."

तिनं सवयीनं तिकीट अलगद सोडवलं, तळहातावर घेतलं आणि थांबली. गोल शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर आला होता. उरलेला अर्धा कागदावर राहिला होता.

"गावाचं नावच तुटलं की ओ, मास्तर."

"तुटलं खरं."

"मग दोन वर्सं आमास्नी भिजवायला कशाला लावलासा?"

"तेव्हा तुम्हाला चित्रं हवी होती. हत्ती, मोर, आगगाडी. आता तुला काय हवंय?"

तिनं माझं पेन मागून घेतलं आणि तिसऱ्या ओळीखाली जाड रेघ मारली.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. ते घेऊन ती आधी माझ्याकडे आली, आणि आम्ही दोघं झिलूकडे गेलो. तो दारात कोयता घासत बसला होता. हात धोतराला पुसून त्यानं तो तुकडा घेतला, उन्हाकडे धरला. 

"तुमचाच हाय न्हवं, आप्पा?"

"थांब गं. सुप्यात शिक्का मारनारं आमी दोगं हुतो. त्यो तुकाराम सरळ मारायचा, मशीन मारल्यागत." त्यानं तुकडा तिरका केला. "तिकिटावरचं बगून काय कळत न्हाई. दोगांचं सारकंच दिसनार. पन ह्यो कागदावरचा काठ बग. हितं शाई दाट, तितं पुसट. माझा डावा हात. शिक्का कलायचाच. पोस्टमास्तर रोज शिव्या घालायचं."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? माझाच हाय."

आतून पुतळी, देवकीची आई, म्हणाली, "बगा, शिव्या खाल्ल्याचा पुरावा बेळगावास्नं मागवलान पोरीनं!"

झिलू मोठ्यानं हसला आणि तुकडा सदऱ्याच्या खिशात घालू लागला. देवकीनं त्याचं मनगट धरलं.

"खिशात न्हाई, आप्पा. घामानं शाई पसरंल."

त्यानं निमूटपणे तो तिच्या तळहातावर ठेवला.