होळी पेटवायचा मान

दरवर्षी होळी पेटवणाऱ्या रखमाजीआप्पांच्या गुडघ्यांनी यंदा दगा दिला. रोज त्यांना अंघोळ घालणाऱ्या थोरल्या मुलाने, सोमाजीने, तेव्हाच मनात धरलं, की मळ्यातली होळी आता आपण पेटवणार. का नाही पेटवायची? गोवऱ्या त्याने रचल्या, पाचट त्याने आणलं, बिबट्याच्या भीतीत उसाच्या कडेला जाऊन मधोमध रोवायची एरंडाची फांदीही त्यानेच तोडली. धाकटा भरत पुण्याहून दुपारी गाडीतून उतरला, तो आयत्या पुरणपोळीवर.

दिवेलागणीला मळा जमला. आई प्रयागबाईने नैवेद्य ठेवला. रखमाजींनी पलिता पेटवला आणि सोमाजीने हात पुढे केला असताना तो भरतच्या हाती दिला.

"पावणा हाय आज त्यो. मान त्याला द्यावा."

सोमाजीने रिकामा हात उगाच सदऱ्याला पुसला. राबायचं एकाने आणि मिरवायचं दुसऱ्याने! होळीआधी तोच पेटला होता.

आग भडकली, तशी माणसं तोंडावर हात मारून बोंबलू लागली. आज कुणाच्याही नावाने काहीही बोंबलावं, कुणी मनाला लावून घेऊ नये, अशी जुनी रीत. सोमाजीने छाती भरून घेतली.

"आयतं खानाऱ्या भरत्याच्या नावानं बोंब! माझा मान चोरनाऱ्याच्या नावानं बोंब!"

मळा पोट धरून हसला. "सोमाभाऊ, लई भारी!" शेजारचा आदेश ओरडला. प्रयागबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. सोमाजीला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. जन्मात एकदा खरं बोललो, तर तेही थट्टेवारी गेलं.

भरत तेवढा हसला नाही. आगीजवळ येऊन त्याने तोंडावर हात मारला.

"बाप ज्याला घरचा समजतो, त्याच्या नावानं बोंब! ज्याला कुनी पावणा म्हनत न्हाई, त्याच्या नावानं बोंब!"

पुन्हा हशा उसळला. भरतचा आवाज शेवटी चिरकला होता, तो फक्त सोमाजीने ऐकला. म्हणजे हाही जळतोय! आपल्यावर? सोमाजीला आधी बरं वाटलं, मग लाज वाटली.

तो भरतशेजारी जाऊन उभा राहिला. "उद्या धुळवड. होळीच्या इस्तवावर पानी तापवतो. आप्पांना अंघूळ तू घाल."

भरतने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

सोमाजी बोलून तर गेला. पण आप्पांच्या पाठीवर उद्या भरतचा हात फिरणार, हे मनात आलं आणि लगेच त्याच्या पोटात दुखलं.