आडावरच्या फळ्या

लढाईच्या दिवसांत सागवान सगळे लष्कराकडे जाऊ लागले, तेव्हा वडगावच्या सुबराव विणकराने परसातल्या आडावर पाइनच्या फळ्या टाकल्या. सांबऱ्याच्या विमानतळावर मालाची खोकी फोडून विकत, त्यातल्याच त्या पांढऱ्या विलायती फळ्या. सूत भिजवायला अंबूबाईला, त्याच्या बायकोला, दिवसातून कितीदा तरी त्यांच्यावर उभे राहून पाणी शेंदावे लागे. तिला भीती वाटे. एवढे मऊ लाकूड माणसाचा भार किती दिवस पेलणार?

सुट्टीला आलेल्या धाकट्या दिराला तिने तेच विचारले. जोतिराम पुण्याला रसायनशास्त्र शिकत होता आणि विचारले नाही तरी सांगत असे. लाकूड म्हणजे बारीक तंतू, तो म्हणाला, आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन. पाइनमध्ये ते जवळजवळ एकाच जातीच्या कणांचे असते. सहा कोनांचे कडे, त्याला छोटे शेपूट, आणि ही कडी एकमेकांत कशीही, चहूकडून अडकलेली. त्या जाळ्याचा पुरता नकाशा अजून मोठमोठ्या पंडितांनाही काढता आलेला नाही.

सुबरावने यातले आपल्या कामाचे तेवढे उचलले. "म्हंजे सुतावरची खळच की रं."

आपले बोलणे घरात कुणाला तरी कळले, याचाच जोतिरामला इतका आनंद झाला की तो म्हणाला, "व्हय अण्णा, खळच."

शिकलेल्यांना ही एक खोड असते. लिग्निन झाडाबरोबरच वाढते, पिठाच्या खळीसारखे बाहेरून फासता येत नाही, हे सांगायचे राहून गेले. तो पुण्याला निघून गेला.

खळ दिली की कच्चे सूत ताठ होते, हे विणकराच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही. ताण्याला लावून उरलेली खळ आता फळ्यांना जाऊ लागली. फळ्या कडक, चकचकीत दिसू लागल्या. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली, ती खळीचीच साय समजून अंबूबाईने वरून आणखी खळ फासली. श्रावण सरता सरता भरली घागर घेऊन ती वळली आणि मधली फळी मोडली. लोकांनी तिला बाहेर काढले तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

जोतिराम आला. त्याने मोडका तुकडा हातात घेतला. तपकिरी, चौकोनी भेगांचा. बोटांत चुरला तसा त्याचा भुगा झाला. बुरशीने तंतू खाल्ले होते, लिग्निन तेवढे मागे राहिले होते, म्हणून फळी वरून धडधाकट दिसत होती. आणि त्या बुरशीला पोसले होते खळीने.

सुबरावने विचारले, खळ कमी पडली काय. भावाच्या तोंडाकडे बघून जोतिरामला खरे बोलवेना. लाकूडच वाईट होते, असे तो म्हणाला.

"मग ऱ्हायलेल्या फळ्यांस्नी दुप्पट देतो," सुबराव म्हणाला. "आता मनूला पाणी काढायचं हाय."

मनू त्याची मुलगी, बारा वर्षांची. आता गप्प बसायची सोय उरली नाही.

"अण्णा, खळ लावू नगंस. खळीनंच कुजलं लाकूड. मी व्हय म्हणालो, ते चुकलं."

सुबरावने हातातला खळीचा कुंचा खाली ठेवला.

"मी तिला खळीचा एकच हात द्यायला सांगितलं हुतं," तो म्हणाला. "ती भ्यायची. म्हणून दोन द्यायची."