राजसीचं मूकवाचन

दिपेशच्या सोसायटीतला एक तरुण स्कूटरवरून पडला, डोकं फुटलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून ‘सुरक्षित प्रवास’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पहिला आठवडा त्यावर सुविचार आले. मग उपयोगाची माहिती येऊ लागली: कोणत्या चौकात ट्रॅफिकवाले मामा उभे आहेत.

बदलापूरहून अंबरनाथ पूर्वेला लेकीला शाळेत सोडताना दिपेशचं हेल्मेट आरशाला लटकलेलं असे. चौथीतली राजसी मागे बसून मोबाईल वाचून दाखवी.

“पप्पा, पुढच्या चौकात मामा!”

हेल्मेट डोक्यावर चढे. चौक ओलांडला की पुन्हा आरशावर.

“माझं हेल्मेट कधी आणणार?”

“लहान मुलांना कोण पकडतंय गं?”

शनिवारी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. रस्त्यावरची बेशिस्त कशाने थांबेल, कायद्याने की प्रबोधनाने? पहिलं बक्षीस मुलांच्या मापाचं लाल हेल्मेट. राजसीला ते हवंच होतं. दिपेशने लिहून दिलेलं भाषण तिने घडाघडा म्हटलं: माणसाला दंड नको, समज द्या! सगळ्यांत जोरात टाळ्या दिपेशच्या.

परीक्षक सुनेत्राबाईंनी विचारलं, “आणि तू स्वतः काय करतेस, बाळ?”

“मामा कुठे आहेत ते पप्पांना वाचून दाखवते. मग ते हेल्मेट घालतात.”

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी लाल हेल्मेट राजसीला घातलं आणि स्वतः पट्टा लावला. “हे भाषणाला नाही, उत्तराला.”

“घरातलं चारचौघांत बोलतात का?” बाहेर येताच दिपेश गुरगुरला. “बस आता. ग्रुपवर काही आलं तर सांग.”

थोड्या वेळाने मोबाईल वाजला. राजसीने पाहिलं. तिचं हेल्मेट डोक्यावर होतं, पप्पांचं आरशावर.

पुढच्याच चौकात शिट्टी वाजली.

“मेसेज आला नव्हता?”

“आला होता.”

“मग वाचला का नाहीस?”

“वाचला ना. मूकवाचन केलं. बाई म्हणतात, चौथीत मोठ्याने वाचायचं नसतं.”

मामांनी तोंड फिरवून हसू लपवलं. दंड मात्र लपवला नाही.

सोमवारी दिपेशने मोबाईल तिच्या हाती दिलाच नाही. चालवताना स्वतःला वाचता येईना, मामा कुठे आहेत ते कळेना. बिचाऱ्याला सबंध रस्ताभर हेल्मेट घालावं लागलं.

संध्याकाळी त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘शेवटी प्रबोधनच कामी येतं.’ सगळ्यांनी अंगठे दिले. खाली लगेच पुढचा मेसेज आला: ‘स्टेशनजवळ मामा.’