मौलूदाचे रुमाल

नेफिसेचा धोटा बोटाएवढाच, पण हिवाळाभर त्याला उसंत नव्हती. गाठीशेजारी गाठ घालायची, दोरा ओढला की इवलीशी कडी बंद, आणि तिला शेजारच्या कडीत अडकवून पुढची धरायची. टॅटिंगची अशी लेस तिने डोईच्या मलमली रुमालांना चारही बाजूंनी लावली होती. सानियेसाठी डाळिंबाची फुलं. फिकरियेचं नवऱ्याशी रोज वाजायचं, म्हणून तिला हिरव्या मिरच्या. मुझेय्येनला नुसती पांढरी वेल, कारण विधवा झाली तरी तिची ऐट तसूभर कमी झाली नव्हती. या साऱ्याजणी आता मुलांपाठोपाठ बुर्सा शहरात राहायला गेल्या होत्या. डोंगरातल्या त्या गावात वरच्या आळीला धूर निघायचा तो एकट्या नेफिसेच्या घरातून. मूलबाळ नव्हतंच.

तिचा नवरा रसीम जाऊन वर्ष झालं, म्हणून तिने मौलूद ठेवला होता. पैगंबरांच्या जन्माची कथा गाऊन सांगायची, ऐकता ऐकता बायकांनी ओढणीने डोळे टिपायचे, आणि घरधनिणीने प्रत्येकीच्या डोक्याला आपल्या हाताने रुमाल बांधायचा, अशी तिथली रीत. पण नेफिसेचा जीव गुंतला होता तो कथेतल्या एका ओळीत. कळा सोसणाऱ्या मातेजवळ पांढरा पक्षी येतो आणि तिच्या पाठीवरून पंख फिरवतो. ती ओळ आली की बायका उठतात, एकमेकींच्या पाठीवरून हात फिरवतात. रसीम गेल्यापासून नेफिसेला कुणाचा प्रेमाचा हात लागला नव्हता. तेवढ्या एका हातासाठी तिने बोटं झिजवली, हे अल्लाहलाच ठाऊक. माणसांना मात्र तिने फोनवर भलतंच सांगितलं: रुमाल तयार आहेत, तुझा असा, तिचा तसा. चूक झाली ती तिथेच.

मौलूदाच्या दिवशी दुपारी मिनीबस दाराशी थांबली. ड्रायव्हर जेमाल उतरला.

"बाकीच्या कुठे रे?"

"काकू, मागे फक्त खताची पोती आहेत. सानियेकाकूंचा गुडघा धरलाय. मुझेय्येनकाकूंकडे नातू आलाय. आणि फिकरियेकाकू म्हणाल्या…" जेमालने मान खाजवली. "म्हणाल्या, रुमाल जेमालकडे दे. संध्याकाळी परत जाताना नेतो मी. सगळ्यांचेच."

"सगळ्यांचेच?"

"मिरच्या हिरव्याच आहेत ना, तेवढं बघून घे म्हणाल्या."

नेफिसेला हसू आलं. डोक्यांना बांधायचे रुमाल तिने जुन्या चादरीत बांधले आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं.

तेवढ्यात पुढच्या सीटवरून रेफिका सावकाश उतरली. खालच्या गावची ही कथा गाणारी बाई, पंचक्रोशीची होजाबाई. आत येऊन तिने भिंतीकडेने मांडलेल्या गाद्यांकडे पाहिलं.

"मंडळी?"

"आपण दोघीच, होजाबाई. नको म्हणालात तरी राग नाही."

"वा ग! घसा वाचला माझा, ओरडावं लागणार नाही," होजाबाईने बैठक मारली. "पण कथा पुरती सांगणार. ऐकणारी एकच आहे म्हणून जन्म काही अर्धा होत नाही."

ती गाऊ लागली. आवाज म्हातारा होता, पण डोंगरातल्या झऱ्यासारखा स्वच्छ. रिकाम्या गाद्यांवरून तो फिरून यायचा तेव्हा नेफिसेला वाटायचं, देव या घरी यायला लाजला नाही. मग पांढरा पक्षी आला. नेफिसे सवयीने उठली. उजवीकडे कुणी नव्हतं, डावीकडे कुणी नव्हतं. तिची पाठ तशीच थांबून राहिली.

समोर होजाबाई डोळे मिटून गात होती, तळहात मांडीवर उघडे. आणि नेफिसेच्या मनात आलं, इतकी वर्षं या ओळीला खोलीभर हात फिरतात, पण गाणारीच्या मागे कधी कुणी गेलेलं आपण पाहिलं नाही. ती गेली. मानेपासून खाली हळूच हात फिरवला. लोकरीच्या जाकिटाखाली नुसती हाडं लागली.

आवाज अडखळला, थांबला. मग होजाबाईने तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा एकदा घेतली. गाता गाता तिने हात मागे नेला, चाचपडत नेफिसेचं मनगट धरलं आणि कथा संपेपर्यंत सोडलं नाही.

हलवा खाताना नेफिसेच्या ध्यानात आलं, होजाबाईसाठी रुमाल केलेलाच नाही. गाणारीला टॉवेल आणि साखर द्यायची पद्धत.

"तुम्हाला कसली फुलं आवडतात?"

"मला? कुणी विचारलंय कधी! घरी टॉवेल इतके साठलेत ग, दुकान काढीन." होजाबाईने हलव्याची वाटी खाली ठेवली. मग जरा लाजून म्हणाली, "भोपळ्याची. पिवळीधमक."

नेफिसेने पिवळा दोरा काढला, धोट्यावर गुंडाळायला घेतला. बाहेर हॉर्न वाजला.

"शेवटची गाडी आहे, होजाबाई. अंधार पडेल."

"ती कडी बंद कशी होते, ते दाखव बघू आधी."

"होजाबाई, येताय ना?" जेमाल ओरडला.

"उद्या ये!" तिने आतूनच ओरडून सांगितलं आणि गादी ओढून नेफिसेला खेटून बसली.

मिनीबस गाठोडं घेऊन उतरणीला लागली.