पायरीखालची ओंजळ

परळच्या एका शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत चहा-बिस्किटांचा थाट मांडला होता. नॉर्वेहून एल्साबाई आल्या होत्या. पिण्याचं पाणी शुद्ध कसं ठेवावं हे शिकवत त्या बिनपगारी गावोगाव हिंडत होत्या. दुभाषी म्हणून गिरगावची सुमती सोबत होती. हेडमास्तर बाबुराव संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आलेले. अशा माणसाच्या शाळेत काय चालतं ते ऐका, आणि संताप आला तर येऊ द्या!

मधली सुट्टी झाली. पोरं व्हरांड्यातल्या पिंपात पेला बुडवून पाणी पिऊ लागली. आठ वर्षांची चंपा मात्र पायरीखाली ओंजळ धरून उभी राहिली. सीताराम शिपाई वरून ओगराळ्याने पाणी ओतत होता. निम्मं तिच्या फ्रॉकवरच सांडत होतं.

"ही अशी का पिते?" एल्साबाईंनी विचारलं.

"स्वच्छतेसाठी, म्हणून सांगा," बाबुराव सुमतीच्या कानाशी कुजबुजले. "घरची उणीदुणी पाहुण्यांपुढे कशाला?"

खरं कारण सुमतीला दिसत होतं. चंपाचे आईबाप पूर्वीचे अस्पृश्य, नुकतेच बौद्ध झालेले. पण भीड पडली आणि ती खोटं बोलून गेली.

एल्साबाई खूश! पेला बुडवण्यापेक्षा ही पद्धत किती चांगली, असं म्हणत त्या पायरीखाली उतरल्या आणि चंपाशेजारी ओंजळ धरून उभ्या राहिल्या. सीताराम गडबडला. त्याने धावत जाऊन पाहुण्यांचा घासलेला पितळी पेला आणला.

"मला पेला का?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात चंपाची आई कौसल्या फाटकातून आत आली. ती गिरणीत कामाला होती.

"मास्तर, पोरीचं नाव काढा. सीताराम जाग्यावर नसला की पोर दिवसभर तहानलेली. मागच्या आठवड्यात तापात नुसती पाणी पाणी करत होती."

"अहो, आम्ही पाणी देतोच ना! पेला दिला तर बाकीचे पालक ओरडतात. मी काय करू?"

"तुरुंगात आमचे हे तुमच्याच बराकीत होते. एकाच माठातलं प्यालात दोघं. तुरुंगात चालतं आणि शाळेत बाटतं होय?"

कौसल्या सुमतीकडे वळली.

"बाई, ओळखलंत? फाउंटनच्या मोर्च्यात अश्रुधूर सुटला, तुम्हाला काही दिसेना. माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी डोळ्यांना लावलंत, वर घोटभर प्यालात. तेव्हा नाही विचारलंत पाणी कुणाचं ते! मुंबई आमची म्हणून एका गळ्यानं ओरडलो ना आपण? मग मुंबई सगळ्यांची आणि पिंप तेवढं तुमचं?"

सुमतीला स्वतःचाच भयंकर राग आला. ती एल्साबाईंना म्हणाली, "मघाशी मी खोटं सांगितलं." मग तिने सगळं खरं आधी इंग्रजीत सांगितलं, आणि पोरांनाही कळावं म्हणून मोठ्याने मराठीतही सांगितलं.

"पाहुणीसमोर मुंबईची अब्रू घालवलीत!" बाबुराव कडाडले.

"ती तर रोज मधल्या सुट्टीत जाते, सर!" सुमती म्हणाली. " आज फक्त बाहेरच्या माणसानं पाहिलं."

बाबुरावांची नजर चंपाच्या भिजलेल्या फ्रॉकवर गेली. त्यांनी सीतारामच्या हातातला पेला घेतला आणि चंपापुढे धरला.

"वर ये, बाळ. तुझं तू घे."

चंपा जागची हलली नाही. तिने एल्साबाईंकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे.

"उद्या पाहुण्या नसतील, तरी?"

"तरी!" बाबुराव म्हणाले. " आणि ज्याला चालणार नाही, त्यानं आपल्या पोराचं नाव काढून न्यावं!"

चंपा पायरी चढली. तिने पेला पिंपात बुडवला आणि गटागटा पाणी प्यायली. मग तिने तोच पेला आईला भरून दिला.

बंधुभगिनींनो, गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. आपल्या मनातला गाळ आपणच उपसायला हवा. तुमच्या शाळेत, चाळीत, कचेरीत कुणासाठी वेगळा पेला असेल, तर पुढच्या मोर्च्यात घोषणा देण्याआधी तो उचलून फेका. त्यासाठी सातासमुद्रापलीकडून पाहुणी येण्याची वाट पाहू नका!