डब्ल्यूवाला होल

"येडा आहेस का तू? दोन्हीले 'सन'च म्हणतात, पण यूवाला सूर्य अन् ओवाला पोरगा! कितीदा सांगू?" रोशनीनं पुस्तक धम्मदीपच्या मांडीवर आदळलं.

"मंग एकाच आवाजाचे दोन शब्द केले काहून? अक्षरं जास्त झाले होते का इंग्रजाले?"

"हे पेपरात लिहिजो. मार्क देतील."

नववीत मास्तराची कॉलर धरून धम्मदीपनं शाळा सोडली होती. मोठ्या बहिणीनं, रोशनीनंच, बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याले दहावीले बसवलं. आज अकराले इंग्रजीचा पेपर होता. अन् आजच लकडगंजच्या लाकडं कापाच्या आरा मशीनवर त्याच्या बापाची जागा भरणार होती.

बाप झोपेतच गेला. आऱ्यावरचा माणूस मेला की त्याचा डोक्याले बांधायचा दुपट्टा मशीनजवळच्या खुंटीले टांगून ठेवत. मेलेल्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी होईस्तोवर कोणी हात लावत नसे. दुसऱ्या सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी पोरानं तो उचलला तं जागा पोराची. नाही आला, तं जो उचलंल त्याची.

पुण्यानुमोदन पेपर संपल्यावरच ठरलं होतं. पण भंडाऱ्याच्या पाव्हण्याईले रविवारच जमत होता, म्हणून मायनं कालच उरकलं. भन्तेजी आले, वंदना झाली, लोकं जेवून गेले. भांडे घासता घासता रोशनीचा हात थांबला. उद्या इंग्रजी! अन् दुपट्टाही उद्याच!

सकाळीच धम्मदीपनं आऱ्यावरच्या मुकादमाले फोन लावला. "गिरिधरकाका, दुपारी आलो तं?"

"बाबू, तो हमालीवाला विक्की दुपट्टा उचलाले गेटवर येऊन बसला आहे. मी काय त्याले बांधून ठेवू?"

"पुढचा सांग," रोशनी म्हणाली. "होल."

"भोक."

"ते बिनडब्ल्यूचं. डब्ल्यूवाला होल म्हंजे आख्खा. पूर्ण."

"बाबाचा हात कोणता होता मंग?"

बापाचे दोन बोटं आऱ्यानं कधीच नेले होते. उरलेल्या तिनानं तो दोघाईचे वह्या-पुस्तकं कव्हर करून देई.

"तसं बोलू नको," ती हळूच म्हणाली.

"जुलैत बसतो ना पुन्हा."

"आऱ्यावरून पुस्तकाकडे परत आलेला एक तरी माणूस दाखव मले."

धम्मदीपनं मायकडे पाहिलं. माय चुलीकडे तोंड करून डबा भरत होती. पेपरवाल्या पोराले कोणी तीन पुडाचा डबा भरत नाही. बापाचाच डबा होता. खालच्या पुडात पोळ्या, मधल्यात वांग्याची भाजी. वरच्यात कांदा अन् मीठ, बापाले लागे तसं.

"माय, सांग ना याले काही!" रोशनी ओरडली.

मायनं डब्याची कडी लावली अन् डबा दाराजवळ नेऊन ठेवला.

"माय!"

धम्मदीपनं हॉल तिकीट पुस्तकात घातलं, पुस्तक रोशनीच्या हातात दिलं अन् डबा उचलला.

"अजून अर्धं पान राहिलं आहे, धम्मा. बस ना गा."

"बस कर वं. विक्की दुपट्टा उचलून घेईल. मले आता जा लागते."